विश्वास आणि रोजचा संसार: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरच्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत मी बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास घेतो. मी पाळक नाही. पतसंस्थेत ३१ वर्षं रोखपाल होतो, आता निवृत्त आहे. (शहराचं नाव कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं.) अभ्यास आठला संपतो आणि खरे प्रश्न त्यानंतर दाराशी, चपला शोधताना येतात. कोणी बाजूला घेऊन विचारतं, कोणी "आमच्या एका नातेवाइकाचं असं झालंय" म्हणून सुरुवात करतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, मंडळीचा ठराव नव्हे. वसईच्या किंवा हरेगावकडच्या कॅथलिक वाचकांनी उपासनेच्या जागी मिसा आणि पाळकसाहेबांच्या जागी फादर वाचावं. घरातल्या कटकटी दोन्हीकडे सारख्याच.

प्रार्थनेला बसलं की झोप लागते. माझा विश्वास कमी पडतोय का?

झोप कमी पडतेय. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने जागं राहायला सांगितलं तरी पेत्र, याकोब आणि योहान झोपलेच, आणि म्हणून काही त्यांची शिष्यपदं गेली नाहीत. रात्रपाळी करून आलेल्या बाईने पहाटे तासभर गुडघ्यांवर बसावं, ही अपेक्षा बहुतेक वेळा ज्याला सकाळचा चहा हातात मिळतो त्याची असते.

आमच्या मंडळीतली एक परिचारिका कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे प्रभूची प्रार्थना म्हणते. सावकाश म्हटली तरी अर्धं मिनिट लागतं. 'आमची रोजची भाकर' या शब्दांपाशी आपण नेमके कणीक मळत असतो, असं ती हसून सांगते. मला तरी यात काही उणं दिसत नाही. लांबलचक बडबड करू नका, असं ती प्रार्थना शिकवताना प्रभूनेच सांगितलं होतं.

आणि शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने एवढी गीतं लिहिली ती काही फक्त रविवारी पेटीवर म्हणण्यासाठी नव्हेत. दळताना, चालताना तोंडात राहावीत असाच त्यांचा घाट आहे.

मनात शंका येतात. देव आहे का, इथपर्यंत. कोणाला सांगू?

आधी देवालाच सांगा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूपुढे ओरडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशू त्याला आधी शंका मिटवून ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो. त्यानंतर अशा एखाद्या माणसाला सांगा जो लगेच वचन काढून तुमच्या तोंडावर मारणार नाही. अशी माणसं प्रत्येक मंडळीत दोन-तीन असतात, बहुधा मागच्या बाकावर.

इतकी प्रार्थना केली तरी माणूस गेला. देवाने ऐकलं का नाही?

मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्यापासून अंत्यविधीच्या दिवशी तरी लांब राहा. "देवाला त्याची जास्त गरज होती" हे वाक्य मी तरण्या पोराच्या आईला उद्देशून उच्चारलेलं ऐकलं आहे. ती माऊली काही बोलली नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिचं ते बोट पांढरं पडलेलं मला अजून दिसतं.

पवित्र शास्त्र आपल्यापेक्षा धीट आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारात संपतं आणि तसंच छापलेलं आहे. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी शेवटी दोन गोड ओळी घातल्या नाहीत, यातच मला मोठा दिलासा वाटतो. प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, काढून टाकण्यासाठी तीनदा विनवणी केली; काटा राहिला.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपण केडगावच्या मुक्ती मिशनच्या, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमाच्या, यशाची गोष्ट म्हणून सांगतो. तारखा ओळीने लावून बघा. आई-वडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, मांडीवर तान्ही मनोरमा. पुढे विधवांसाठीचं शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना गोळा करून आणणं, केडगाव, हे सगळं उभं राहिलं. आणि ज्या मनोरमेच्या हाती ते सोपवायचं ती १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्यांनी काम सोडलं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्यांना 'का' याचं उत्तर मिळालं होतं असं मी म्हणणार नाही. त्या मुद्रितं तपासत राहिल्या, एवढंच म्हणेन.

नैराश्याच्या गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं का?

नाही. रक्तदाबाची गोळी घेताना कोणी असं विचारत नाही.

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो तो प्रसंग बघा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आलेला माणूस. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, झोपू देतो, परत उठवतो, परत खायला देतो. बोलणं पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर. आधी जेवण आणि झोप, मग बोलणं: आजचे डॉक्टरही याच क्रमाने जातात.

गोळ्या मनाने बंद करू नका. कुठल्या सभेत तुमच्या डोक्यावर हात ठेवून "बरा झालास, आता औषध फेकून दे" असं कोणी म्हणालं तरी फेकू नका. बरं वाटत असेल तर डॉक्टरांनाच विचारून कमी करा. जीव नकोसा झाला असेल, रात्री कोणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं हीसुद्धा मदतीची हाक आहे, आणि मदतीची हाक मारणं म्हणजेच प्रार्थना, असं मी मानतो.

नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीत सांगितलं तर "सहन कर, तुझ्या सहनशीलतेने तो तारला जाईल" असं सांगतात. काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. माहेर, बहीण, शेजार, जे जवळ असेल ते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक, आणि हात उगारलेलाच असेल तर ११२.

आता त्या सल्ल्याविषयी. वधस्तंभ वाहणं म्हणजे सत्यासाठी स्वतःहून पत्करलेलं दुःख. दुसऱ्याच्या मस्तीने अंगावर आलेले वळ म्हणजे वधस्तंभ नव्हे, तो गुन्हा आहे. येशूला नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. वेळ आलेली नसताना मार खात उभं राहणं त्यानेही केलं नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. त्यात नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश, दोन्ही मागता येतात. आपल्या लोकांसाठीचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे त्यात स्वतंत्र कारण आहे. घटस्फोट घ्याच असं मी सांगत नाही, तो तुमचा आणि तुमच्या विवेकाचा निर्णय. पण दार बंद आहे, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. आणि नवऱ्याची क्षमा करायची झाली तर ती दुसऱ्या घरी राहूनही करता येते.

एका घरी आम्ही तिघं 'समजूत काढायला' गेलो होतो, त्यात मी होतो. चहा प्यालो, वचन वाचलं, दोघांना हात धरायला लावले. पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात होती. त्यानंतर अशा समजुती काढायला मी जात नाही. रिक्षा बोलावून देतो.

उत्पन्न तुटपुंजं, डोक्यावर कर्ज. तरी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला द्यायचाच का?

दशांश न देणारा देवाला लुटतो, हे मलाखीचं वचन दाखवून भीती घालणारे पुष्कळ. मार्काचा सातवा अध्यायही वाचा. आईबापाला द्यायचा पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने झापलं आहे. मुलाची फी, आईचं औषध, किराणा दुकानदाराची उधारी बुडवून पेटीत टाकलेला पैसा त्याच जातीचा. दुकानदार ख्रिस्ती नसेल तर जास्तच. त्याच्या वहीत आपल्या प्रभूचं नाव कसं लिहिलं जातं तेही बघायला हवं.

मग गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, तिच्याजवळची सगळी नाणी? ती गोष्ट आपण दान मागताना सांगतो. पण तिच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलला आहे. दोन्ही सलग वाचल्यावर दानपेटी फिरवणाऱ्याचा हात थोडा थरथरायला हवा.

"हजार पेरा, लाख उगवतील" असं पडद्यावरून सांगणाऱ्यांना माझ्याकडून नमस्कार. ३१ वर्षं व्याजाचे आकडे लिहिलेल्या माणसाला एवढा परतावा कोणी देऊ केला की आधी संशय येतो.

देणं आनंदाचं कसं असतं ते कापणीच्या सणाला बघावं. लोक बाजरीची पोती, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. एका वर्षी वाफ्यावर राबणाऱ्या एका म्हाताऱ्याने डांगर आणलं, बुडाशी किडलेलं. लाजून मागे ठेवलं होतं. ते ९०० रुपयांना गेलं. घेणाऱ्याने तिथेच कापून किडका भाग टाकला आणि उरलेल्याच्या फोडी घरोघर वाटल्या. आमच्याही घरी त्या रात्री डांगराची भाजी होती.

नोकरीत थोडं इकडेतिकडे करावंच लागतं. प्रामाणिक राहून जमतं का?

माझीच गोष्ट सांगतो, कारण यावर दुसऱ्याकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. घरचं विजेचं बिल आलं होतं ४६० रुपयांचं, महिनाअखेर, खिशात काही नाही. बायको आणि मी रात्री त्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोकड मोजली तर ५०० रुपये जास्त. दोनदा मोजली. कोणी आलं नाही, कोणाची तक्रार नाही. मी तो चमत्कार मानला. खरंच मानला, ढोंग नव्हतं. नोट शर्टाच्या खिशात घालून सायकलवर घरी निघालो आणि वाटेत भजन गुणगुणत होतो, हे सांगायला आजही लाज वाटते.

बायकोने नोट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "देवानं दिली म्हणता, मग मॅनेजरसाहेबांना सांगितलंत का?"

सकाळी जाऊन जादा रोकड म्हणून नोंद केली. साहेब बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं. पैसे कोणाचे ते कधी कळलं नाही. ती रक्कम खात्यात तशीच पडून राहिली. बिल मेव्हण्याकडून उसने घेऊन भरलं. विजेचा चमत्कार काही झाला नाही.

तेव्हा जमतं का, तर महाग पडतं. तलाठ्याकडे नोंद अडकते, बढती पुढे जाते. लाच देणारा आणि घेणारा यांत मी फरक करतो. ज्याची अडवणूक होते त्याला दगड मारू नयेत, पण जो टेबलाच्या पलीकडे बसून पैसे घेतो आणि रविवारी प्रभुभोजनही घेतो, त्याने जक्कय या जकातदाराचा हिशेब लक्षात ठेवावा. जक्कयाने नुसता पश्चात्ताप केला नाही, चौपट परत करायची तयारी दाखवली. सोडून देतो म्हणणारे मी बरेच बघितले, परत करणारा एकच. तो शिपाई होता.

शेजारी गणपतीचा प्रसाद आणून देतात. घ्यावा का?

आमच्याकडे दर भाद्रपदात हा प्रश्न येतो. पौलानेही करिंथ शहरातल्या मंडळीला याचं एका ओळीत उत्तर दिलेलं नाही. एकीकडे अन्नामुळे आपण देवाजवळ जात नाही आणि लांबही जात नाही, असं तो म्हणतो. दुसरीकडे मूर्तीच्या नैवेद्यात भागीदार होऊ नका, असंही. शिवाय ज्याचं मन दुखतं त्याचा विचार करा हे आहेच.

म्हणून आमच्या मंडळीत दोन्ही प्रकारची घरं आहेत. काही घेतात आणि देवाचे आभार मानून खातात, काही "ताई, आम्ही नैवेद्याचं खात नाही, पण तुमच्या हातचं कधीही खाऊ" असं सरळ सांगतात. दोघांबद्दल मला आदर आहे. तिसरा प्रकार मात्र सहन होत नाही: हसून डबा घ्यायचा आणि मोदक गुपचूप कचऱ्यात. शेजारणीने सकाळपासून उकड काढून, कळ्या पाडून ते केलेले असतात.

आणि डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आपल्यालाही लागू आहे. आमच्या घरून नाताळात करंज्या आणि शंकरपाळे जातात. शेजारच्या आजी एकादशीला आमच्याकडचा चहासुद्धा घेत नाहीत, आम्ही कधी मनाला लावून घेतलं नाही.

जातीच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. हा खोटेपणा नाही का?

हा प्रश्न विचारताना आवाज नेहमी खाली येतो.

आधी कायदा. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे गावकुसाबाहेरचं घर, तेच आडनाव, तीच वागणूक. पण बाप्तिस्मा झाला की सरकारदरबारी जात संपली. गावात संपली का, ते गावातल्या विहिरीला विचारा. आणि दुखरी गोष्ट ही की मंडळीतही नेहमी संपलेली नसते. सोयरीक जुळवताना बघा.

त्यामुळे ज्यांचे आजोबा मिशनच्या नोकरीत होते, दगडी बंगल्यात वाढले, त्यांनी मजुराच्या पोराला प्रामाणिकपणा शिकवू नये. मी शिकवत नाही. मात्र एवढं सांगतो: प्रतिज्ञापत्रावर सही करताना त्यावर काय लिहिलं आहे ते नीट वाचा, चांगल्या वकिलाला विचारा. दाखला पुढे रद्द झाला तर नोकरी जाऊ शकते, आणि त्या दिवशी मंडळीतलं कोणी पगार देणार नाही. मनाला टोचत असेल तर त्या टोचणीचं ऐका, कोणाच्या टोमण्याचं नको.

अरामी सेनापती नामानाची गोष्ट इथे आठवते. कोडातून बरा झाल्यावर तो संदेष्टा अलीशाला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. संदेष्टा फक्त म्हणतो, शांतीने जा. पसंती दिली का, नाकारलं का? मी कित्येकदा वाचलं, अजून ठरत नाही.

आम्ही एक केलं. कापणीच्या लिलावाचे निम्मे पैसे अशा मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवतो. दोघा-तिघांपुरतेच पुरतात.

घरात मी एकटीच विश्वासात आहे. नवऱ्याला, सासूबाईंना कसं वळवू?

वळवू नका. राहा.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या तरी स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं पाणी वेगळं. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांचं त्यांना पटल्यावर. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना माहीत आहे की त्या घरात वाद, रुसवे आणि हसणं सगळंच भरपूर होतं. तुमच्या घरी सासूबाईंची सत्यनारायणाची पूजा असेल तर पाहुण्यांचा चहा, भांडी, रांगोळी यांत हात द्यायला कोणतं वचन आड येतं ते मला दाखवा. पूजेला बसणार नाही हे आधीच, शांतपणे, एकदा सांगून ठेवा.

साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीत सांगताना, थोडं वाढवून सांगितलं तर चालतं का? त्याने लोकांचा विश्वास वाढतो.

चालत नाही. 'डॉक्टरांनी हात टेकले होते' हे वाक्य म्हणायच्या आधी डॉक्टरांनी खरंच टेकले होते का ते आठवा.

मंडळीत दोन गट आहेत, निवडणुकीपासून बोलणं बंद. अशा ठिकाणी उपासनेला जावं तरी कसं?

मत्तय ५, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जाण्याविषयीचा भाग. सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. अनुभवातून एक सुचवतो: समेटाची बैठक बोलावू नका, बैठकीत माणसं भाषण करतात. दवाखान्यात कोण आहे ते बघा आणि त्या गटातल्या माणसाबरोबर एकाच गाडीवर डबा घेऊन जा. वाटेत काहीतरी बोलावंच लागतं.

मुलं मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, उपासनेला जातच नाहीत. आमचं काय चुकलं?

माझा धाकटाही जात नाही. फोनवर विचारलं की विषय बदलतो. मी विचारणं बंद केलं.

गेल्या दिवाळीत सुट्टीला आला होता. त्याच्या गाडीत बसलो, पेट्रोल भरलं, पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि त्याने गाडी वळवली. म्हणाला, "पप्पा, त्या पोरानं शंभर रुपये जास्त परत दिलेत." पंपावर खाली उतरला, पैसे दिले आणि परत येऊन गाणी लावली. कसली ते विचारू नका.